हातचे सेकंद

डोरीन ऑकरॉइडचा पहिला सिनेमा
हॅलिफॅक्सच्या एका थिएटरात तीन दिवस चालला.
तिसऱ्या दिवशी प्रेक्षक अकरा.
त्यातल्या दोघी तिच्या मावश्या,
एक जण नुसताच पावसातून आडोशाला आलेला.
तो मात्र शेवटपर्यंत बसला,
हे ती अजून सांगते.

फिल्म दुसऱ्यांच्या डब्यांतली, उरलीसुरली टोकं,
कुठे चाळीस फूट, कुठे साठ.
कॅमेरा शनिवार-रविवारपुरता उसना.
आणि घर गहाण, हे नवऱ्याला
बँकेच्या पत्रातून कळलं.
तो बहिणीकडे राहायला गेला, सोवर्बी ब्रिजला,
तो गेलाच.

मी तिच्याकडे कंटिन्युइटी बघायला लागले ते नंतर, टीव्हीत.
इस्पितळाची मालिका, मंगळवार-गुरुवार, साडेसात.
लीड्सबाहेरच्या गोदामात खोटा वॉर्ड,
खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ.
प्लास्टर डाव्या पायाला की उजव्या,
कपात चहा किती उरला होता,
हे लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम.
शाल्मली तिला जमेना. शॅल म्हणायची.

दिवसाला चौदा पानं उरकायची,
निर्माता घड्याळाकडे बघत उभा,
तरी प्रत्येक भागात एकदा घोडं अडायचंच:
"एक शॉट राहिला."
स्क्रिप्टात नसलेला.
नर्स खिडकीशी संत्रं सोलते. सहा सेकंद.
हमाल रिकाम्या स्ट्रेचरवर स्वतःच जरा टेकतो. चार.
बुटाची सुटलेली नाडी. पाच.
हे कशाला, विचारलं तर म्हणायची,
"मध्ये घालायला काहीतरी लागतं गं."

गावात तिला ओळखतात ते भलत्याच कामामुळे.
गॅस गळला तर काय करावं,
दोन मिनिटांची सरकारी फिल्म.
चिप्सवर व्हिनेगर मारता मारता दुकानदार म्हणतो,
"खिडक्या उघडा, काडी ओढू नका! तुम्हीच ना त्या?"
ती मान डोलावते.
पुडीत चार चिप्स जास्त पडतात.
एवढं मानधन, म्हणते, सिनेमाने कधी दिलं नाही.

दुसऱ्या सिनेमाची फाइल
सात वर्षं लंडनला जात-येत राहिली.
फार शांत आहे, एकाने लिहिलं.
पण यात घडतं काय, दुसऱ्याने.
मग ती जिन्याखाली गेली, मीटरशेजारी,
आणि डोरीनने तो विषयच काढला नाही.

गेल्या मार्चात मी जुन्या वह्या काढल्या,
टाकून द्यायच्या म्हणून.
सोळा वर्षांच्या नोंदी.
संत्र्यापाशी थांबले.
कारण पुढच्या वर्षी ते अर्धं सोललेलं होतं,
दुसऱ्याच नर्सच्या हातात,
पण हात डावाच.
आणि त्यापुढच्या हिवाळ्यात
खिडकीच्या कट्ट्यावर वाळलेली साल.
मला तेव्हा चूक वाटली होती.
लाल रेघ मारून ठेवली होती मी.

बेरीज करत बसले.
सहा नि चार दहा, शून्याला शून्य, हातचा एक.
हमाल पुन्हा आला. नाडी बांधली गेली.
रात्री दीडला उत्तर निघालं:
अडतीस मिनिटं, बारा सेकंद.

फोन केला नाही, सकाळची बस धरली.
डोरीनने बॉयलर दुरुस्तीच्या माणसाला
खिडकीजवळ उभं करून ठेवलं होतं.
"हलू नकोस, कानावर उजेड फार छान पडलाय."
मी वही पुढे ठेवली.
तिला चष्मा सापडेना, माझाच लावला.
बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरलं.
"यातले निम्मे त्यांनी कापले," म्हणाली.
मग जरा वेळाने,
"म्हणजे निम्मे राहिले की."

लाल रेघेवर नख टेकवून, रागानेच:
"ही चूक नव्हती, शॅल."
मी खोडून बघितलं. शाईची होती ती.
नुसता कागद खरवडला.

"आता हलू का मी?"
बॉयलरवाल्याने विचारलं.