दुधाची चहाडी

शिरोड्याच्या आरोग्य केंद्रात
एस्पेरांस सिस्टरनं माझं बोट टोचलं,
आकडा बघितला आणि म्हणाली,
"आठ पॉइंट दोन! रक्त आहे गो तुझ्यात, की सोलकढी?"

मला हसू आलं नाही. समोर चारुता,
चार महिन्यांची, काट्याच्या झोळीत लोंबकळत
पाय झाडत होती.
सहा किलो तीनशे.
ढेकरेसकट अगदी बरोबर.

मी विचारलं, मग माझं दूध?
सासू म्हणते निळसर दिसतं.
शेजारची सगुणा म्हणते, अशक्त बाईचं दूध
म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी.

सिस्टर म्हणाली, नाही.
लोह तुझ्यात कमी आहे, दुधात नाही.
चुना तुझ्या ताटात कमी आहे, दुधात नाही.
वरचं संपलं की शरीर आत उतरतं,
हाडांतून काढून आणतं.
तुला विचारत बसत नाही.

येताना नदीकडे थांबले.
जुवारीतून बार्ज चालली होती
काठोकाठ लाल मातीनं भरलेली,
पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं.
नवरा अशाच एकीवर असतो.
लग्नानंतर त्यानं मला मोटरसायकलवरून
सांग्याकडचा एक डोंगर दाखवायला नेलं होतं,
म्हणजे डोंगराची जागा.
लाल पायऱ्या खाली खाली गेलेल्या,
तळाला हिरवं पाणी, त्यात एक बगळा.
"हा सगळा मुरगावला गेला," तो म्हणाला,
"तिथून मोठ्या बोटीनं."
पुढे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मला राग आला.
बार्जचा नाही, दुधाचा.
कोणी शिकवलं त्याला
माझ्या आईसारखं वागायला?
सगळ्यांना वाढून झाल्यावर
टोपाची खरवड खरवडत
"माझं झालं" म्हणायला?

रात्री उठताना गुडघे वाजतात.
चारू पिते, डोळे मिटून, नाक दाबलं जाईपर्यंत.
मला वाटतं, पाठीतला एखादा मणका
चमच्याचमच्यानं तिच्याकडे निघालाय.
ती दमून सोडते तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात
एक थेंब राहतो.
मी तो बोटानं पुसते आणि चाटते.
गोड. माझाच असून अनोळखी.

पण दारापर्यंत येऊन सिस्टर आणखी एक बोलली होती.
सगळंच नाही लपवता येत दुधाला.
काही गोष्टी तुझ्यात नसल्या की त्याच्यातही नसतात.
बी-बारा. आयोडीन.
मासळीतली ती चरबी, जी मेंदूला लागते.
"नुस्तें कधी खाल्लंस शेवटचं?"
बाळंतपणाआधी. सासूचं पथ्य आहे,
पेज, मेथी, सुकं खोबरं.
नुस्त्यानं बाळाला बाधतं.
"मग सांग तिला, दुधानं चहाडी केली."

सांगितलं.
सासू तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मला सहा-सहा महिने देत नव्हते."
सहा बाळंतपणं झाली तिची.
पुढचा हिशेब तिनं केला नाही, मीही नाही.

सकाळी नुस्तेकान्न माटिल्दा आली तेव्हा
सासूच पुढे झाली.
तारले घेतले, घासाघीस न करता,
म्हणून माटिल्दानं दोन वर टाकले.
तिरफळं घालून हुमण, उकडा भात.

पहिले तीन चारूसाठी खाल्ले.
चौथा माझा. पाचवाही.

सिस्टर म्हणाली होती,
बाळ सुटलं की हाडं भरून येतात,
वेळ लागतो, जेवण लागतं.
डोंगरांना असं कोणी सांगितलं नाही.
सासूलाही नाही.
ती समोर बसली होती, पाठीतून वाकलेली,
माझ्या ताटाकडे न बघता.

मी टोप तिच्याकडे सरकवला.
"माझं झालं," ती म्हणाली.
मी सरकवलेला तसाच ठेवला.

मग तिनं हात घातला.
काटे बाजूला काढले नाहीत तिनं,
तसेच चावले, मधल्या कण्यासकट.
बराच वेळ घरात तेवढाच आवाज होता.