धुण्याची वही

लामगाव मायनर्सचे कपडे माझ्याकडे यायचे
सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला,
पोदेराच्या सायकलीमागोमाग क्लबचा टेम्पो.
जर्सी सत्तावीस, चड्ड्या सत्तावीस,
मोजे चोपन्न, कधी त्रेपन्न.
खेळ मी एकदाही पाहिला नाही.
मैदान म्हापशाच्या पलीकडे, मी डिचोलीला,
आणि माझ्या नळाला पाणी दुपारी तीन ते पाच.
पण सामना मला कळायचा.

चवथ झाल्यावर पहिली खेप आली.
गुडघ्यांवर हिरवं. म्हणजे जिंकलो असणार,
पुढे धावणारा माणूस गवतावर गुडघ्याने घसरतो.
हरणाऱ्यांचे कपडे पाठीला मळतात.
(हे माझं मत. टेम्पोवाला फटू म्हणतो, कायपण.)

गोलकीपर तुळशीदास मळीक, माती एकाच कुशीला.
हा डावीकडे उडी मारतो, उजवीकडे नाही,
हे मला ऑक्टोबरात कळलं,
दुसऱ्या टीमना डिसेंबरात.

नऊ नंबर क्वाबेना, घानाचा.
त्याच्या गळपट्टीला कसल्याशा मलमाचा वास,
कापरासारखा, पण कापूर नव्हे.
नाताळानंतर नऊ नंबर आला, वास आला नाही.
फटू म्हणाला, दोन महिने पगार नाही, गेला तो.
आता केप्याचा कोणी पोरगा घालतो ती.
मी ती दोनदा हुंगली.
वहीत त्याला रकाना नाही.

आणि तेवीस. राफाएल कुलासो.
तेवीस नंबर दर खेपेला
माझ्याच इस्त्रीच्या घडीसकट परत.
बाकावर बसणाऱ्याची जर्सी पुढून कोरी असते,
मागून जराशी चुरगळलेली,
बस्स.
तरी मी ती धुवायचे, सगळ्यांबरोबर, त्याच बादलीत.
बाहेर काढली की तीही सगळ्यांइतकीच लालसर.

जानेवारीभर पाठीच मळलेल्या.
फेब्रुवारीत माझं बिल थकलं.
खाण बंद, बार्ज नदीत गंजत उभे,
फुटबॉल कोण सांभाळणार?
आल्बानो सरांनी स्वतःच्या खिशातून
साबणाचा एक खोका पाठवला, चिठ्ठी नाही.

शिगम्याच्या आदल्या आठवड्यात शेवटचा सामना.
वरच्या गटात राहायचं की खाली उतरायचं, त्याचा.
खेप आली. पाठी पाहिल्या, विचारलं नाही काही.
मग हाताला तेवीस लागली.
छातीवर माती.
गुडघे कोरे, कोपरं कोरी,
छातीवर मात्र पाणी मारलेलं अख्खं मैदान.
खेळवला काय रे त्याला?
नाही, फटू म्हणाला.
शिटी झाली, सगळे बसमध्ये बसले,
हा मधल्या गोलात पालथा पडून होता.
वॉचमननं उठवला.

साबण लावला, बिंबलं चोळली, शेवटी ब्रश.
वाळत घातली आणि थांबले.
टेम्पो आलाच नाही.
ऑफिसला कुलूप. सत्तावीस जर्सी माझ्या कपाटात,
नवऱ्याच्या शर्टांना जागा उरली नाही,
तो कुरकुरत राहिला एप्रिलभर.

मे महिन्यात राफाएल आला.
बोटीवर काम मिळालं होतं, भांडी घासायचं,
सोमवारी निघायचा होता.
मावशे, म्हणाला, बिलातले माझ्या जर्सीचे किती?
मी वही काढली. अठरा खेपा.
अठरा? माझी तर मळलीच नाही कधी.
दर नगाला असतो बाबा, मी म्हटलं,
डागाला नाही.

त्यानं मोजून पैसे दिले, सुटे माझ्याकडे नव्हते,
राहू दे म्हणाला.
जर्सी घेतली, उलटी केली, उजेडात धरली.
बाहेरून निघालेली माती
आतल्या शिवणीत तशीच होती.
बरी धुतलीस, म्हणाला,
आणि का कोण जाणे, हसला.

तो गेल्यावर वहीत लिहिलं:
जर्सी सव्वीस.
मोजे त्रेपन्न.