भाषा तपासा

शिरोलीत, सांगली फाट्याच्या अलीकडे,
आमच्या फौंड्रीत पाळी सुटताना
ज्यानं त्यानं अडचण सांगायची
आणि मी ती संगणकात भरायची.
पुण्याच्या हापिसानं मधे एक चाळण बसवलीय.
वावगा शब्द दिसला की अख्खी नोंद परत,
वर तांबडी पट्टी: भाषा तपासा.
आधी मी फुल्या घालायचे.
फुल्याही परत आल्या.

मग शब्दच बदलायला लागले.
भूपाल मगदूम दोन नंबर भट्टीच्या आईबद्दल बोलतो,
मी लिहिते, तापमान टिकत नाही.
दस्तगीरमामू वाळूवाल्याच्या सात पिढ्या काढतो,
मी लिहिते, वाळूत ओल जास्त.
सर्जेराव नुसताच थुंकतो.
मी लिहिते, रजेचा अर्ज प्रलंबित.

चाळणीला अक्कल नाही तशी.
एकदा 'कास्टिंगला भोक' अडकलं.
आता भोकाला काय म्हणायचं? भोकच ते.
बारा वर्षं तीच मोजतोय आम्ही.
'रंध्र' लिहिलं, तर गेलं सुर्रकन.
"म्याडम, ह्या ठोकळ्याला एकवीस रंध्रं,"
भूपाल वाकून सांगायचा, डोक्यावर पदर असल्यासारखा,
आणि मागं तीन दिवस हशा.
गेटाजवळच्या झाडांचं गांडूळखतसुद्धा परत आलं.
त्याला सोवळं नेसवून 'शेतकऱ्याचा मित्र' केलं,
तर पुण्यानं विचारलं,
हा कोण, आणि याचा पगार कुठल्या खात्यातून?

फेब्रुवारीत भूपाल क्रेनच्या साखळीचं सांगायला आला.
त्या दिवशीचे शब्द त्याच्याही तोंडून
मी कधी ऐकले नव्हते.
आवाज मात्र खाली, भट्टीपलीकडं न जाणारा.
मी लिहिलं, साखळी तपासावी.
अडलं नाही कुठं.
तिकडं कुणीतरी वाचलं असेल,
चहाचा कप त्यावर ठेवला असेल.

नवव्या दिवशी कढई कलली.
लाल लोखंड वाळूवर सांडलं,
दस्तगीरमामूच्या बुटापासून वीतभर.
मामू बराच वेळ बूटच बघत राहिला.

भूपाल टेबलाशी आला. "म्या सांगितलेलं लिवलंवतंस?"
पडदा त्याच्याकडं वळवला.
त्यानं दोनदा वाचलं.
"येवढंच?"
शिवी दिली नाही त्यानं.
दिली असती तर बरं झालं असतं.

रात्री मी त्याचं फेब्रुवारीतलं वाक्य
काना-मात्रा न बदलता भरलं.
परत आलं. पुन्हा भरलं. पुन्हा तांबडी पट्टी.
मला ते सगळं पाठ होतं, याचंच नवल वाटलं.
चौदा वेळा गेलं, चौदा वेळा आलं.
सकाळी पुण्याहून फोन,
"बाई, तुमच्याकडं हे चाललंय काय?"

मी फोन भूपालकडं दिला.
त्यानं हात पँटला पुसले,
घसा साफ केला,
आणि म्हणाला,
"नमस्कार, साहेब."