दोन किलो शंभर ग्रॅम

निघायच्या आदल्या रात्री
टूथब्रशचा दांडा मी अर्धा कापला,
वजन कमी व्हावं म्हणून.
नायना बघत होते. बोलले नाहीत.
सकाळी सॅक उचलली तर तळाशी चादर.
मरून. काठाला मोर.
कोपऱ्यावरच्या बुर्गुलांच्या काट्यावर
दोन किलो शंभर ग्रॅम.
चाळीस वर्षं दुसऱ्यांचे माग दुरुस्त केलेल्या माणसाशी
ग्रॅमवरून कोण भांडणार.

आता मे आहे. विणकर वसाहतीतली गच्ची.
तंबू वाळत घातलाय, वाळलेलाच,
पण घडी मोडली की अजून
ओल्या गवताचा कुबट वास सुटतो
आणि त्रेचाळीस डिग्रीत
माझ्या दंडावर काटा येतो.

नायना जिन्याच्या सावलीत उकिडवे बसून:
"गारा केवढ्या होत्या?"
शेंगदाण्याएवढ्या.
"मग कसल्या गारा त्या."

पुन्हा सांगते. स्लोव्हेनिया, टोलमिनच्या वरचं कुरण,
दुपारचे दोन, ऑगस्ट.
आधी आभाळ नाही, गाई गप्प झाल्या.
गळ्यातल्या घंटा एकदम थांबल्या,
लाईट गेल्यावर आपली गल्ली थांबते तशा.
(इथे तेव्हा झोपलेलीही जागी होतात,
आवाज बंद झाला म्हणून.)
मग वारा. मग उजवीकडचा डोंगरच नव्हता.
तंबूच्या काठ्या मी लांब फेकल्या,
पाय जुळवून खड्ड्यात बसले,
कानांवर हात.
देव आठवला नाही. मराठीही नाही.
वीज आणि गडगडाटाच्या मधलं अंतर मोजताना
तोंडातून घरचे आकडे आले:
ओकटी, रेंडू...
मूडू म्हणायला वेळच मिळाला नाही.

एक म्हातारा आला, बखोटीला धरून
चीजच्या खोपटात घेऊन गेला.
आभाळाकडे बोट करून म्हणाला, "नेविह्ता."
वादळाला तिकडे असं म्हणतात.
"नेविह्ता," नायना घोळवून बघतात,
नव्या सुताचा पीळ बघावा तसं,
चिमटीत.

इथवर मी सगळं खरं सांगते, दर वेळी.
इथून पुढे सांगते की चादर बसमध्ये राहिली.

चार वाजता अक्कलकोट रोडच्या बाजूनं
आभाळ पिवळं झालं.
धूळ आली, पत्रे वाजले, कुणाची तरी बादली
गच्चीवरून गच्चीवर गेली,
तंबू सुटला, आणि सत्तर वर्षांचे नायना
त्यावर पालथे पडले, हसत,
दातांत माती.
लाईट गेली. खट् खट् खट् खालच्या मागाचं
शेवटचं अर्धं खट् हवेतच राहिलं.
चार थेंब पडले. मी मोजले. पाचवा नाही.

त्या शांततेत, तंबूवर तसेच पडून,
त्यांनी विचारलं:
"कुठल्या बसमध्ये?"

वासरू होतं, नायना.
त्याच दुपारी जन्मलेलं, ओलंचिंब, थरथरत.
म्हाताऱ्यानं माझी सॅक उपसली, चादर ओढली
आणि त्याला गुंडाळलं.
मला विचारलंसुद्धा नाही.
मी कोपऱ्यात कुडकुडत बघत होते,
खरं सांगू, मला रागच आला होता.
सकाळी चादर पाच किलोची झालेली,
दुधाचा, शेणाचा, नाळेच्या रक्ताचा वास.
मला उचलवली नाही.
मला उचलायचीही नव्हती.

ते उठून बसले. शर्ट झटकला.
खाली कुणीतरी वायरमनला फोन लावत होतं.

"रंग काय वासराचा?"
तांबूस. कपाळावर पांढरं.
"हं," म्हणाले.
बराच वेळ धुळीकडे बघत राहिले.
"मग मरून चालला असेल."

लाईट अजून आलेली नाही.