कलम एकोणीस

सही करायच्या आधी एकोणिसावं कलम वाच, ओडेल.
चष्मा हवा तर हा घे, माझा चालेल.
भाडेकरूने स्वतःचा विमा काढावा.
महिना सतरा डॉलर. एक पिझ्झा, फार तर दीड.

तू म्हणशील, घर तुमचं, विमा तुमचा,
मग मी कशाला?
माझा विमा भिंतींचा आहे, बाबा.
छपराचा, जिन्याचा, तळघरातल्या बॉयलरचा.
तुझा सोफा, तुझा ट्रॉम्बोन, मुलीचे स्केट्स
त्याच्या खिजगणतीत नाहीत.

तुझ्याआधी वर रोझाल्बा राहायची.
मिलवॉकीतला जानेवारी, उणे तेवीस,
हीटर पडद्याला चिकटलेला.
आग छोटीच. बंबवाल्यांचं पाणी मोठं.
वसंतापर्यंत माझ्या भिंती पुन्हा कोऱ्या झाल्या,
पहिले अडीच हजार माझे, बाकी कंपनीचे.
पण त्या रात्री ती पायरीवर बसलेली,
मांडीवर धुराने काळवंडलेलं शिलाई मशीन,
बुटांना नाड्या नाहीत.
म्हणाली, मिस्टर पियोन्टेक, आता?

मोटेलचं बिल मी भरलं. चार रात्री.
पाचवी नाही भरली.
मग तिच्या भावाने वकील आणला,
वायरिंग जुनं होतं म्हणाला.
नव्हतं.
पण नव्हतं हे सिद्ध करण्यात अकरा महिने गेले
आणि माझी बोट गेली,
तलावावरची, हिरव्या पट्ट्याची.

म्हणून हे कलम.
उद्या तुझ्या टबातलं पाणी
खालच्या मिसेस ग्रुन्डीच्या ताटात उतरलं,
तुझा कुत्रा पोस्टमनच्या पोटरीला लागला,
तर भांडणाला दुसरा पत्ता असावा, माझा नको.
तुझं मोटेल दुसऱ्या कुणी भरावं
आणि रंग वाळला की तू परत यावंस,
भाड्यासकट.
माझाच फायदा. लपवत नाही.

एजंट सांगतो, भाडेकरूच्या काळजीपोटी लिहिलंय म्हणा.
त्याच्या माहितीपत्रकावर हसरं कुटुंब आहे,
दात फार पांढरे.
मी नाही म्हणणार तसं.

पाचव्या रात्री फोन वाजत होता.
मी स्वयंपाकघरात उभा, बीटाचं सूप ढवळत.
बावीस वेळा वाजला.
मोजलं मी. उचलला नाही.

सतरा डॉलर, ओडेल,
म्हणजे तो फोन
माझ्याकडे यायचाच नाही.

हं. इथे सही. खाली नुसती आद्याक्षरं.
पेन उमटत नसेल तर झटक जरा,
थंडीने धरतं ते.