चुंबळ

रात्री लॉजच्या खाटेवर सगळं मांडून ठेवलं होतं.
दोन बॉड्या, सत्तर-दोनशे, चोवीस-सत्तर,
पस्तीसची जुनी लेन्स, जिच्या काचेच्या कडेला
दोन पावसाळ्यांपासून बुरशीचं जाळं आहे
केसाहून बारीक,
तिपाई, फिल्टर, सिलिका जेलच्या पुड्या,
आणि 'लागलंच तर' म्हणून घेतलेलं बरंच काही.
'लागलंच तर'चं वजन
कुठल्याच यादीत धरलेलं नसतं.

कुडाळहून परुळ्यामार्गे निवतीला येताना
बॅग मांडीवर होती.
वळण आलं की मी तिचं डोकं धरायचो.
कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट फाडू?
मी हसलो. तो हसला नाही.

पहाटे एसीच्या खोलीतून लेन्स बाहेर काढली
आणि ती आंधळी झाली.
बाहेर कुठेच नव्हतं ते धुकं
नेमकं काचेवर.
ते विरेपर्यंत रापण ओढून झाली होती,
वाटे पडले होते,
वाळूवर पेडव्यांची चांदी, थोड्या तारल्या,
आणि हुकाचा काटा घेऊन उभी शेवंती मेथर.

"ह्यां सगळां कित्याक?"
मी काही म्हणायच्या आत
बॅग तिच्या हुकाला.
काटा थरथरला, थांबला.
"साडेसात. इतक्या बांगड्यांत माझो दीस भागता.
ह्यातलां आज काय खपतलां?"

मग मी एकेक काढून दाखवू लागलो,
लिलावाला बसल्यासारखा.
ही लांबचं जवळ आणते.
"मगे देवान तुका पाय कित्याक दिल्यान?"
किंमत विचारली. मी अर्धी सांगितली.
तरी ती गप्प झाली,
वर ओढून ठेवलेल्या होडीच्या इंजिनाकडे
एकदा बघून आली नजर तिची.

टोपलीत दुपारपर्यंत खपेल तेवढंच घ्यायचं,
उरलेलं बर्फात. एवढंच तिचं शास्त्र.
आणि हे, की
"एका खांद्यार घेतलंस तर अर्धोच माणूस चलता."
लुगड्याचा एक जुना तुकडा पिळून
तिने चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली,
वर बॅग.
चार पावलं गेलो मी, मान ताठ,
कधी नव्हे इतका सरळ.
पाचव्याला पोरांनी हसून पाडलं.

लॉजवर जाऊन सत्तर-दोनशे शर्टात गुंडाळली,
तिपाई खाटेखाली ढकलली.
एक बॉडी आणि बुरशीवाली पस्तीस, बस्स.
पस्तीसला माणसाच्या अंगावर जावं लागतं,
आधी विचारावं लागतं,
जाळं शिवणाऱ्याच्या सुईच्या वाटेतून
बाजूला व्हावं लागतं.
कोपरापर्यंत खवले चिकटले.
खारं पाणी उडालं ते मी सदऱ्याने पुसलं,
जे कधीही करू नये
असं मीच नवशिक्यांना सांगतो.

खोटं कशाला बोलू,
दुपारी किल्ल्याच्या कड्यावर उभा होतो
आणि समुद्रगरुड आला, पंजात वळवळता साप,
समोरून, उन्हात, अगदी सावकाश,
जणू खाटेखालच्या तिपाईला टोमणा मारत.
मी एक शिवी दिली. कोणाला, माहीत नाही.
फोटो काढलाच.

घरी आल्यावर तो मोठा करून बघतो:
आकाशात दोन ठिपके आहेत,
एक गरुड, एक बुरशी.
रोज वेगळा वाटतो.

चुंबळ आता टेबलावर असते,
तिच्यावर पस्तीस उलटी ठेवतो,
घरंगळत नाही.
मासळीचा वास दोन धुण्यांत गेला नाही,
तिसऱ्यांदा मी टाकली नाही.

आणि शेवंतीचा एक फोटो आहे.
हसतेय, हात हलल्याने पुसट,
पण काटा अगदी स्पष्ट:
हुक रिकामा,
सुई पाव किलोवर.

माझ्या साडेसातातून
ते पाव तिने वजा केलं होतं का,
विचारायचं राहिलं.