एकाच पानावरची दोन मापं

माझ्या मापाच्या वहीत एक पान आहे,
वर नुसतंच लिहिलेलं: फुटबॉल.
खाली दोन नावं. कायतान फुर्तादो, उल्हास च्यारी.
छाती अडतीस, दोघांचीही.
खांदा मात्र कायतानचा उजवीकडे दोन बोटं उतरता,
चेंडू पायात आला की तो त्या अंगाला कलायचा.

चौऱ्याऐंशी साली कायतान खाणीच्या संघात,
उल्हास बंदराच्या.
खाणीची जर्सी लाल, बंदराची निळी.
लाल बरी, आमच्या कुडचड्यात मातीच त्या रंगाची,
पडला काय, उठला काय, कळत नसे.

शहाऐंशीत हा तिकडे, तो इकडे.
पगार कोणी किती वाढवला, मॅनेजरांना ठाऊक.
मला कळलं ते कारकुनाकडून.
त्याने दुकानाच्या फळीवर नऊ नंबरची जर्सी टाकली:
नवी कशाला? हीच बसव च्यारीला.
मी खांदा उसवला, वर घेतला, शिवला.
कापडात कायतानचा घाम होता,
दोन धुण्यांनंतरही.

ब्याण्णवपर्यंत तीन वेळा असंच.
खांदा उतरव, खांदा चढव.
त्या शिवणीवर सुईची इतकी भोकं
की उजेडात धरली तर चाळणी.
आणि हे दोघे एकमेकांशी बोलले असतील
फार तर वास्कोच्या बसस्टँडवर,
एक उतरताना, एक चढताना,
खांद्यावर तीच रेक्झिनची बॅग:
"जेवण कसं आहे रे तिकडे?"
"मासे ताजे. खोली गळते."

एकदाच एका बाजूने खेळले.
कुठलासा कागद पणजीत अडकला,
कायतानची सुटका झाली नाही, उल्हास येऊन पोचला.
नऊ नंबर उल्हासला. कायतानला चौदा,
मी रात्री दिव्यात घाईने शिवलेला, किंचित तिरका.
मी कुंपणाला टेकून पाहत होतो.
चेंडू कायतानकडे गेला
आणि उल्हास सवयीने धावला त्याला अडवायला.
आपल्याच माणसाला!
पाय घातला, चेंडू काढला,
मग उभा राहिला तसाच, चेंडूवर पाय ठेवून,
हा आता कोणाला द्यायचा, विसरल्यासारखा.
ट्रकवाले टपावर बसून हसले.
कायतान नाही हसला. म्हणाला,
"दे. मीच आहे."

गोल झाला की नाही, आठवत नाही.
लोक सांगतात झाला. लोक काहीही सांगतात.

मग खाणी बंद पडल्या, बार्जेस नदीत गंजल्या,
खाणीचा संघ एका नोटिशीत संपला.
बंदराचा कधी संपला, कोणी कळवलंही नाही.
मी आता शाळांचे गणवेश शिवतो,
पडद्यांना कडा घालतो.

परवा कायतान आला. केस पांढरे,
खांदा तसाच उतरता.
हातात आकाशी कापड, दोन मीटर.
म्हटलं, भाचीचं लग्न?
म्हणाला, "उल्हासला. झिला, त्याला जिना उतरवत नाही आता.
रोज पाव घेऊन मीच जातो त्याच्याकडे.
माझंच माप घे."
मी वही काढली. पान तेच.
टेप त्याच्या पाठीवर ठेवण्याआधीच तो म्हणाला,
"उजवा वर घे."
मला काय सांगतोस, म्हटलं.

छातीशी येऊन टेप थांबला.
बेचाळीस. पोट सुटलंय त्याचं.
तो किती उरलाय, मी विचारलं.
कायतानने सगळा श्वास सोडला,
पोट आत ओढलं, आणखी ओढलं,
डोळे मिटले,
आणि तसाच उभा राहून बोटाने खुणावलं:
इतका.